एकोडी ते कारधा : एका सायकलफेरीत दिसणारे दोन पूर

भंडारा जिल्ह्यात पूर आल्याची बातमी पावसाळ्यात हमखास छापून येते. तिच्यात बहुधा तीन गोष्टी असतात : नदीने किती मीटरची पातळी गाठली, धरणाचे किती दरवाजे उघडले आणि कोणते रस्ते बंद पडले. माहिती खरी असते. परंतु तेवढ्यावरून शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पूर उभा राहत नाही. पाणी कोठून आले, शेतात किती दिवस थांबले, एका गावात शिरले आणि शेजारच्या गावाला न शिवता पुढे का गेले, या प्रश्नांची उत्तरे जमिनीच्या उतारात दडलेली असतात. हा उतार समजून घ्यायचा असेल, तर सायकलीइतके उपयुक्त वाहन दुसरे नाही.

मोटारीतून जाणाऱ्याला पूर्व विदर्भाचा हा धानपट्टा परातीसारखा सपाट वाटतो. सायकलस्वाराचे गुडघे मात्र वेगळी साक्ष देतात. पायडल अचानक हलके झाले, की समजावे आपण एखाद्या नाल्याच्या दिशेने उतरत आहोत. ते जड झाले, की दोन नाल्यांमधला उंचवटा आला. गावे बहुधा या उंचवट्यांवर वसलेली, शेते उतारावर आणि तलाव खोलगट भागात. पूर ओसरल्यानंतर तीन-चार दिवसांनी, रस्ते खुले झाल्यावर, साकोली तालुक्यातील एकोडीहून निघावे आणि भंडाऱ्याजवळच्या कारध्यापर्यंत वैनगंगेच्या काठी यावे. एका दिवसाच्या या प्रवासात एक नव्हे, तर दोन निराळे पूर पाहायला मिळतात. एक जवळच्या पावसाचा, दुसरा दूरच्या पावसाचा. दोहोंचा स्वभाव वेगळा, खुणा वेगळ्या आणि त्यांपासून होणारे नुकसानही वेगळे.

पाण्याचा पहिला मुक्काम : बांधी

एकोडीच्या परिसरात गावाबाहेर पडताच धानाच्या बांध्या सुरू होतात. मातीच्या कमी उंचीच्या धुऱ्यांनी चारही बाजूंनी बंद केलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी. जमिनीला थोडा जरी उतार असला, तरी शेतकऱ्याने तो पायऱ्यापायऱ्यांनी सपाट करून घेतलेला असतो. त्यामुळे पावसाचे पाणी धावत सुटत नाही. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तेथून आणखी खाली, असे ते थांबत थांबत उतरते.

या थांबण्याचे मोल साध्या गणिताने लक्षात येते. एक हेक्टर क्षेत्रावर दहा सेंटीमीटर पाणी साचले, तर ते १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर भरते. शंभर हेक्टरांच्या शिवारात तेच दहा कोटी लिटर होते. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टीची नोंद होते. बांध्या रिकाम्या असतील आणि धुरे शाबूत असतील, तर तेवढ्या पावसाचा मोठा हिस्सा शेतातच अडतो. मात्र ऑगस्ट महिन्यात रोवणी आटोपलेली असते आणि बांध्या आधीच भरलेल्या असतात. म्हणून जूनमधील अतिवृष्टी आणि ऑगस्टमधील अतिवृष्टी यांचे आकडे सारखे असले, तरी परिणाम सारखे नसतात. पहिली जमिनीत मुरते, दुसरी नाल्यात उतरते.

तलावांची साखळी

बांधीतून सुटलेले पाणी पुढे बोडीत किंवा तलावात येते. बोडी म्हणजे शेतातले छोटे तळे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते उगाच नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात मालगुजारी काळातील सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंडराजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने यातील अनेक तलाव बांधले. साकोली तालुक्यातील शिवनीबांध किंवा गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध ही त्यांतली मोठी नावे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी', बोलीत 'मामा तलाव' हे नाव मिळाले.

सायकल तलावाच्या पाळीजवळ उभी करून थोडा वेळ पाहिले, तर या तलावांची रचना ध्यानात येते. पाळ तीन बाजूंनी असते, चौथी बाजू पाणी येण्यासाठी मोकळी. पाळीच्या एका टोकाला सांडवा असतो. या भागात त्याला सलंग म्हणतात. तलाव भरला, की जादा पाणी सलंगावरून निघून खालच्या तलावाकडे जाते. अशा रीतीने एकाच नाल्यावर एकाखाली एक तलावांची साखळी तयार होते. वरचा तलाव भरल्याशिवाय खालच्याला फारसे पाणी मिळत नाही आणि वरच्याने धरून ठेवले, तोवर खालच्याला धोका नसतो.

ही साखळी जोवर नीट आहे, तोवर ती पुराचा वेग मोडते. परंतु तिच्यातील एक दुवा निखळला, तर परिणाम उलट होतो. गाळ साचून तलाव उथळ झाला, की तो लवकर भरतो. सलंगाच्या वाटेवर कोणी शेत वाढवले किंवा बांधकाम केले, की पाणी पाळीवर चढते. मातीची पाळ एकदा पाण्याने ओलांडली, की ती फार काळ टिकत नाही. ती फुटली, तर वरच्या तलावाचे सारे पाणी एकाच वेळी खालच्या तलावावर कोसळते आणि तीच गोष्ट पुढेही घडू शकते. अशा वेळी नुकसान पावसाच्या मानाने कितीतरी अधिक होते.

हा पहिला पूर. तो काही तासांत येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पाऊस थांबला, की त्याचा जोर ओसरू लागतो. त्याच्या खुणा रस्त्याच्या कडेलाच दिसतात. काटेरी तारेच्या कुंपणात अडकलेला काडीकचरा पाण्याची उंची सांगतो. नाल्याकाठची बेशरमीची झुडपे ज्या दिशेला वाकलेली असतात, ती प्रवाहाची दिशा. फुटलेल्या धुऱ्याजवळ बांधीत जाड रेतीचा थर पसरलेला असतो. जड कण वाहून नेण्यासाठी प्रवाहाला वेग लागतो. म्हणून जेथे रेती, तेथे पाणी धावत होते, असे खुशाल समजावे.

रपट्यावरचा निर्णय

या पहिल्या पुरात माणसे दगावतात ती प्रामुख्याने रपट्यांवर. रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. जादा पाणी त्याच्यावरून वाहून जावे, अशीच त्याची बांधणी असते. पावसाळ्यात काही तास रपटा बंद राहणे हे म्हणूनच स्वाभाविक आहे. धोका निर्माण होतो तो थांबायचे नसणाऱ्या माणसामुळे.

पाण्याच्या उंचीचे काही मापदंड सर्वांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. वेगाने वाहणारे पंधरा सेंटीमीटर पाणी प्रौढ माणसाचे पाय उचलू शकते. तीस सेंटीमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. साठ सेंटीमीटर पाणी बहुतेक वाहनांना ओढून नेते. वाहन जड आहे, म्हणून ते सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. मोटारीच्या पोकळ सांगाड्याखाली पाणी शिरते, ते तिला वर उचलते आणि टायरांची रस्त्यावरील पकड सुटते. सायकल हाताशी धरून पायी जाणाऱ्यालाही हा नियम लागू आहे; उलट सायकलीमुळे प्रवाहाला ढकलण्यास आणखी एक आडवी वस्तू मिळते. शिवाय गढूळ पाण्याखाली रपट्याचा मधला भाग खचला आहे की नाही, हे काठावरून कळत नाही.

अशा जागी सायकलस्वाराचा फायदा एकच. त्याला परत फिरायला जागा लागत नाही आणि मागे गाड्यांची रांग नसते. सायकल वळवावी, उंचवट्यावरच्या गावात जावे आणि थांबावे. पहिला पूर ओसरण्यासाठी फार दिवस वाट पाहावी लागत नाही.

दूरच्या पावसाचा पूर

एकोडीहून साकोलीला आले, की मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग लागतो. साकोली तालुक्याचे पुष्कळसे पाणी चुलबंद नदीत जाते आणि ती पुढे लाखांदूर तालुक्यात वैनगंगेला मिळते. आपला रस्ता मात्र पश्चिमेकडे, लाखनीमार्गे कारध्याला जातो. महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ मोठी असल्याने शक्य तेथे गावांमधून जाणारे जुने रस्ते धरावेत. कारधा जवळ येऊ लागते, तसा दृश्यात बदल जाणवतो. उंचवटे विरळ होतात, जमीन पसरते आणि वैनगंगेचे पात्र दिसण्याआधी तिचा गाळ दिसू लागतो.

वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. बालाघाटमार्गे ती महाराष्ट्रात येते. वाटेत बाघ, बावनथडी अशा नद्या तिला मिळतात. पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धेशी संगम झाल्यावर तिला प्राणहिता हे नाव मिळते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. म्हणजे कारध्याच्या पुलाखालून वाहणारे पाणी भंडारा जिल्ह्यातले थोडे आणि सातपुड्यातले अधिक असते. शिवनीकडे मुसळधार पाऊस झाला आणि तेथील संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले, तर भंडाऱ्यात ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस हेच घडले. गणेशोत्सवाचे दिवस होते आणि कोरोनाची साथ सुरू होती. मध्य प्रदेशातील अतिवृष्टीमुळे वैनगंगेवरील संजय सरोवरातून आणि पेंच खोऱ्यातील धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडण्यात आले. पेंचचे पाणी कन्हान नदीतून वैनगंगेकडे येते. २९ ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान दोन्ही बाजूंचे पाणी एकत्र आले. भंडारा शहराच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि खाली पवनीपासून ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोलीपर्यंत नदीकाठाला महापुराने वेढले. ज्या गावांच्या स्वतःच्या नाल्यांना पूर नव्हता, त्यांच्याही घरांत पाणी आले.

पाणी मागे का फिरते?

भंडाऱ्याची जागा या दृष्टीने मोठी नाजूक आहे. शहराच्या खाली थोड्याच अंतरावर आंभोरा येथे कन्हान आणि इतर नद्या वैनगंगेला मिळतात. कन्हान तुडुंब भरून आली, तर संगमावर वैनगंगेच्या पाण्याला पुढे सरकण्यास जागा कमी पडते आणि ते वरच्या बाजूला चढू लागते. त्याखाली पवनी तालुक्यात गोसे गावाजवळ गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरण अकरा किलोमीटरांहून अधिक लांब आणि त्याचा जलाशय भंडारा शहरापर्यंत पसरतो. जलाशयाचे हे मागे पसरलेले पाणी म्हणजे फुगवटा.

येथे एक आकडा ध्यानात घेण्यासारखा आहे. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे. कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळीही २४५.५० मीटर आहे. धरण काठोकाठ भरलेले असेल, तर कारध्याला पूर येण्यापूर्वीच नदी धोक्याच्या रेषेला टेकलेली असते. म्हणून पावसाळ्यात वरून येणारे पाणी किती, खाली सोडायचे किती आणि कधी, याचा हिशेब सतत जुळवावा लागतो. लवकर सोडले, तर खालच्या गावांना अडचण. उशीर केला, तर वरच्या शहराला. दोन राज्यांतील धरणांनी एकमेकांना वेळेवर कळवणे, हा या हिशेबाचा कणा आहे. २०२० च्या पुराने हे कटू रीतीने दाखवून दिले.

फुगवट्याचा दुसरा परिणाम वर्तमानपत्रात क्वचित येतो, सायकलवरून मात्र चटकन दिसतो. मुख्य नदी चढली, की तिला मिळणाऱ्या लहान नाल्यांचे तोंड बंद होते. नाल्याचे पाणी नदीत जाईना, की ते मागे फिरते आणि काठापासून बरेच आत असलेल्या शेतांत पसरते. अशा ठिकाणी धुरे फुटलेले नसतात, कुंपण मोडलेले नसते. सर्वत्र बारीक, चिकट, पिठासारख्या गाळाचा पातळ थर बसलेला असतो आणि झाडांच्या बुंध्यांवर, घरांच्या भिंतींवर एकाच उंचीची सरळ तपकिरी रेघ उमटलेली असते. बारीक कण खाली बसायला पाणी स्थिर असावे लागते. रेती म्हणजे धावते पाणी. चिकण गाळ म्हणजे थांबलेले पाणी. सकाळी एकोडीजवळ रेती पाहिली आणि संध्याकाळी कारध्याला गाळ पाहिला, म्हणजे दोन पुरांतला भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

धानाचे काय होते?

धानाला पाणी लागते, मग पुराने त्याचे नुकसान कसे, असा प्रश्न शहरातील वाचकाला पडणे साहजिक आहे. धानाची मुळे पाण्यात राहू शकतात. पाने मात्र पाण्याबाहेर असावी लागतात. संपूर्ण रोप बुडाले, की त्याला हवा मिळत नाही आणि गढूळ पाण्यामुळे सूर्यप्रकाशही तुटतो. रोप जगण्यासाठी उंच वाढू पाहते, त्यात साठवलेली शक्ती संपते आणि पाणी उतरल्यावर ते आडवे पडते. बहुतेक वाण साधारण आठवडाभरात हात टेकतात. 'स्वर्णा सब-१' हे वाण २००९ मध्ये भारतात प्रसारित झाले. बुडाल्यावर ते वाढ थांबवते, शक्ती राखून ठेवते आणि सुमारे दोन आठवडे तग धरू शकते.

म्हणजेच धावत्या पुराने रोपे उपटली जातात, बांधीत रेती येते, पण रोपे बुडून राहण्याचा काळ कमी असतो. थांबलेल्या पुरात बांधी जशीच्या तशी राहते, रोप मात्र गुदमरते. पहिल्या नुकसानीत जमीन दुरुस्त करावी लागते, दुसऱ्यात हंगाम जातो. शासकीय मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. पीक विम्यात स्थानिक आपत्ती म्हणून धानाचे जलमय होणे २०१८ मध्ये वगळण्यात आले होते. ते खरीप २०२६ पासून पुन्हा समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. धानाच्या जिल्ह्याला पुरात बुडालेल्या धानाचेच संरक्षण इतकी वर्षे नसावे, यातील विसंगती गाळाने माखलेल्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहिल्यावर अधिक बोचते.

निळी आणि लाल रेषा

कारध्याच्या अलीकडे घरांच्या भिंतीवरील तपकिरी रेघेकडे पाहताना पाटबंधारे खात्याच्या दोन रेषांची आठवण ठेवावी. निळी पूररेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी मोठी गफलत होते. शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला, म्हणजे आता शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी त्याची शक्यता एक टक्का, एवढाच अर्थ. तीस वर्षांच्या गृहकर्जावर घेतलेले घर लाल रेषेवर असेल, तर त्या मुदतीत एकदा तरी पूर पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेवरील घराच्या बाबतीत हीच शक्यता ७० टक्क्यांवर जाते. घर घेताना नळ, वीज, रस्ता पाहिला जातो. ही रेषा क्वचितच कोणी विचारते.

निघण्यापूर्वी

अशी फेरी करायची, तर काही पथ्ये पाळावीत. पाणी चढत असताना पाहायला जाऊ नये. बचावकार्याच्या वाटेत बघ्यांची गर्दी ही एक नवी आपत्ती असते. जाण्याआधी जिल्हा प्रशासनाचे इशारे पाहावेत आणि केवळ स्थानिक हवामानावर विसंबू नये; वर सांगितल्याप्रमाणे शिवनी, बालाघाटचा पाऊसही महत्त्वाचा. साचलेल्या पाण्यात पाय घालू नये. धुऱ्यांवर आणि पाळींवर या दिवसांत साप-विंचू आसऱ्याला येतात, तर लोंबणाऱ्या विजेच्या तारा पाण्यात दिसत नाहीत. कोणाच्या पडक्या घराची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.

सायकल साधी असली तरी चालते. मडगार्ड असावेत. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर उशिरा धरते, म्हणून उतारावर आधीपासून वेग आवरावा. चिकण मातीतून ढकलत नेण्यापेक्षा सायकल उचलून घेणे बरे. परतल्यावर चेन धुऊन, कोरडी करून तेल द्यावे. चाकाचा मधला भाग पाण्यात बुडाला असेल, तर छर्रे काढून नवे ग्रीस भरून घ्यावे. नाहीतर काही दिवसांत चाक कुरकुरू लागते.

संध्याकाळी कारध्याच्या पुलावर सायकल टेकवून प्रस्तुत प्रतिनिधी थांबला, तेव्हा वैनगंगा शांत होती आणि पाणी पातळीच्या खुणांच्या बरेच खाली गेले होते. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांना ती फक्त एक रुंद नदी दिसत असावी. दिवसभर बांधी, बोडी, सलंग, नाला असा तिच्या पाण्याचा एक धागा पकडून आल्यावर मात्र पुढच्या पावसाळ्यात छापून येणाऱ्या बातमीत दोन प्रश्न आपोआप सुचतील. हा पूर धावणारा आहे की थांबणारा? आणि हे पाणी कोणाच्या पावसाचे आहे? पहिल्याच्या उत्तरावर काही तास थांबायचे की घर सोडायचे, हे ठरते. दुसऱ्याच्या उत्तरावर इशारा कोणी आणि कधी द्यायचा, हे ठरते. नदीकाठच्या माणसाला ही दोन्ही उत्तरे वेळेवर मिळणे, एवढीच अपेक्षा आहे.